शोकेसमधला मिक्सर

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. निवळकरकाका ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी ती अडचण नाही.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत एक सहशिक्षिका मोबाईल पुढे करून म्हणाली, "हा एअर फ्रायर घेऊ का गं? तेल लागत नाही म्हणे." मी तिच्यावर अशी काही खेकसले की बिचारीने डबा बंद केला. तिची काही चूक नव्हती. मला यंत्र दिसलं नाही, मला निवळकरकाका दिसले. काका म्हणायचं हे घरमालकाशी ठरलेलंच असतं म्हणून म्हणत होते, नाहीतर त्या माणसाशी नातं जोडावं असं मला नऊ वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची. नोकरी रत्नागिरीत लागली आणि निवळकरांच्या घरावरची एक खोली भाड्याने मिळाली. खाली ते दोघंच. काका सरकारी गोदामाचे भांडारपाल म्हणून निवृत्त झालेले आणि काकू आयुष्यभर त्यांच्या तावडीत सापडलेल्या. मुलगी मेधा लग्न होऊन चिपळूणला. मी सामान घेऊन आले त्या दिवशी काकांनी मला हॉलमध्ये नेलं आणि भिंतभर पसरलेलं काचेचं शोकेस दाखवलं. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, मुलांनी मिळवलेले कप असतात. यांच्या शोकेसमध्ये मिक्सर होता. त्याच्या शेजारी फूड प्रोसेसर, टोस्टर, हँड ब्लेंडर, रस काढायचं यंत्र, इडलीचं वेगळं, अंडी उकडायचं वेगळं. प्रत्येकाला काकूंच्या जुन्या साडीचा शिवलेला झगा. शोकेसला कुलूप आणि किल्ली काकांच्या जानव्याला.

"स्वयंपाकघरात वाफ असते," काका मला समजावून म्हणाले. "मोटरला वाफ चालत नाही."

म्हणजे काकूंना वाटप वाटायचं असेल तर आधी मिक्सर "काढून घ्यावा" लागे. सकाळी ठीक होतं. पण दुपारी काका जेवून झोपत ते चार वाजता उठत. तोवर काही वाटायचं निघालं की काकू पाट्यावर बसत. शोकेसमध्ये मिक्सर आणि बाई पाट्यावर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काकू, उठवा ना त्यांना." काकू हसल्या आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा वाटणं सोपं हो."

यंत्रांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे कुकर आहे, मिक्सर आहे आणि त्यांना उठता बसता दुवा देते. ज्यांना पाटा-वरवंट्याचे कढ येतात त्यांनी आठ दिवस त्यावर वाटून दाखवावं, मग बोलावं. निवळकरकाकांच्याच नादाने मीसुद्धा एकदा प्रदर्शनातून दोरी ओढून कांदा चिरायचं भांडं आणलं होतं. तिथल्या माणसाने तीन झटक्यांत कांद्याचा भुगा केला. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात दोरी आत गेली ती बाहेर आली नाही. पण विकत घेतानाचं ते सुख खरं होतं. आता आपलं आयुष्य सुटसुटीत होणार, असं त्या पाच मिनिटांत अगदी मनापासून वाटतं. त्या पाच मिनिटांची नशा काय असते ते मला कळतं. काकांना ती नशा महिन्यातून दोनदा लागायची.

खोका आला की ते कुणाला हात लावू देत नसत. जमिनीवर चादर अंथरायची, दाढीच्या पात्याने चिकटपट्टी सरळ रेषेत कापायची, थर्माकोलचा तुकडा मोडू न देता काढायचा. मग माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, त्यातली परदेशी भाषांची पानंसुद्धा उलटायची. तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होई आणि तेवढ्यापुरते ते मला बरे वाटत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "माझ्या आईचे हात पाट्यावर गेले. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात बाईने कष्ट करायचे नाहीत." ऐकणाऱ्या बायका काकूंकडे बघून म्हणत, नशीबवान हो तुम्ही. काकू पोह्यांच्या बशा पुढे करत. आईच्या हातांची दया या माणसाला आयुष्यभर पुरली. बायकोचे हात समोर होते, ते काही त्याला दिसले नाहीत.

एकदा मात्र त्यांनी खरंच कामाची वस्तू आणली. नारळ खवायचं विजेचं यंत्र. कोकणातल्या घरात रोज एक नारळ तरी फुटतोच आणि काकूंचा उजवा खांदा विळीवर वाकून वाकून कामातून गेला होता. ते यंत्र लावलं की वाटी नुसती धरायची, पांढराशुभ्र चव भुरभुरत खाली पडायचा. काकूंनी पंधरा दिवस ते वापरलं. मला म्हणाल्या, "रात्री कूस बदलता येते आता." मी त्या पंधरा दिवसांत काकांना मनातल्या मनात बरंच काही माफ केलं होतं.

सोळाव्या दिवशी काकांनी मोटरला हात लावून पाहिला. ती गरम लागली. "रोज रोज वापरलं तर कसं टिकेल?" म्हणाले आणि यंत्राला झगा घालून ते शोकेसमध्ये गेलं. त्यानंतर ते पाहुणे आले की निघे. काका घड्याळ लावून एक वाटी खवून दाखवत, पाहुणे वाहवा करत, मग यंत्र पुसून पुन्हा आत. पाहुण्यांच्या सोलकढीचा उरलेला नारळ काकू आत विळीवर खवत.

त्यांचं एक वाक्य होतं, "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो." हे ते इतक्या वेळा म्हणत की वरच्या खोलीत मला त्यांचं नुसतं "यंत्र" ऐकू आलं तरी पुढचं मी पुरं करायची. एका गणपतीत त्यांनी कणीक मळायचं यंत्र आणलं आणि मोदकांची उकड त्यात मळायची असं ठरवलं. काकू म्हणाल्या, "अहो, ते गव्हाच्या कणकेचं. उकडीला तेलपाण्याचा हात लागतो, गरम असतानाच." काकांनी पुस्तिका उघडून दाखवली. त्यात 'सर्व प्रकारची पिठं' असं छापलं होतं. छापलेल्या ओळीपुढे काकूंचं चाळीस वर्षांचं मोदक वळणं काय टिकणार? उकड यंत्रात गेली. यंत्राने दोन मिनिटं घुर्रघुर्र केलं, उकडीचा एकच गोळा होऊन तो पात्याला घट्ट बिलगला आणि घरभर जळका वास सुटला. बाहेर गुरुजी आरतीला थांबलेले. काकूंनी पुन्हा पाणी चढवलं, पुन्हा पिठी घेतली, परातीत कढत उकड मळताना हात लाल झाले. मी शेजारी बसून वळत होते. माझे मोदक बघून गुरुजीसुद्धा हसले, पण एकवीस पुरे झाले.

जेवताना काका म्हणाले, "तांदूळ जुना वापरलास तू. त्यामुळे मोटरवर ताण आला." मला हातातला मोदक खाली ठेवावासा वाटला. ठेवला नाही, कारण तो काकूंनी केलेला होता.

हे सगळं मी हसून सांगू शकते. अजूनही सांगते, लोक हसतात. खिडकीचं मात्र मला हसून सांगता येत नाही.

काकूंच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, ओट्याच्या वर, गल्लीकडे उघडणारी. चांगली रुंद, चिऱ्याच्या जाड भिंतीत बसवलेली, त्यामुळे तिला हातभर कट्टा होता. काकूंचं सगळं जग त्या कट्ट्यावरून ये-जा करायचं. शेजारच्यांना कढीलिंब तिथून जाई, त्यांच्याकडची फणसाची भाजी तिथून येई. मी शाळेत जाताना तिथे चहाचा कप तयार असायचा, उभ्या उभ्या प्यायचा आणि कट्ट्यावर ठेवून जायचं. आणि रोज नऊच्या सुमाराला बंदराकडून सुगंधा यायची, डोक्यावरची पाटी कट्ट्यावर टेकवायची.

"वयनी, बांगडं बगा. ताजं फडफडीत हायत."

"काल पण ताजेच होते तुझे," काकू म्हणायच्या आणि कल्ला उचलून बघायच्या. मग त्या दोघींचं जे चाले त्यात मासे निमित्ताला. सुगंधाचा नवरा बोटीवरून आला का, तिच्या सुनेला दिवस गेले का, गल्लीत कोण आजारी, कुणाचं कुठे जमलं. माशांमधलं ओ की ठो न कळणारी मी त्या खिडकीत सौंदाळा ओळखायला शिकले. घरात काकू चार शब्दांच्या वर बोलत नसत. खिडकीत उभ्या राहिल्या की गाणं म्हटल्यासारख्या बोलत.

काकांनी स्वयंपाकघरात विजेची चिमणी बसवायची ठरवली. माशांच्या तळणाचा वास हॉलमधल्या यंत्रांना लागतो, हे कारण. बसवणारा माणूस म्हणाला, पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडावं लागेल. काका म्हणाले, चिऱ्याला भोक पाडलं की पावसात भिंत पाझरते. ते खरं होतं, कोकणात भिंतीला हात लावताना माणूस दहादा विचार करतो. मग पाइप कुठून न्यायचा? काकांनी वर पाहिलं. समोर खिडकी होती. तिला प्लायवूड ठोकायचं, मध्ये गोल भोक पाडायचं, त्यातून पाइप. चिरा शाबूत, पावसाची काळजी नाही.

काकू म्हणाल्या, "अहो, खिडकी हो ती."

काका म्हणाले, "वास जाण्यासाठीच होती ना? आता वास यंत्र घालवेल."

दीड तासात काम झालं. संध्याकाळी मी खाली गेले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि काकू त्या प्लायवूडसमोर उभ्या होत्या, हातात काही नाही, नुसत्याच. तेव्हापासून तिथे भर दुपारीसुद्धा दिवा लागे.

चिमणी चालू असली की तिच्या आवाजात सुगंधाची हाक ऐकू येत नसे. ती दोन हाका मारून पुढे जाई. एकदा ती पुढच्या दाराला आली तर काकांनी तिला पायरीवरूनच परतवली, "पाटीचं पाणी फरशीवर गळतं." सुगंधा मला गल्लीत भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, काय वो ह्यो मानूस. वयनीला काय कोंडून घातलंन की काय?"

दुपारी काकांच्या झोपेत चिमणी लावायची नाही, कारण आवाज होतो. म्हणजे दुपारचा धूर आतच. एका पावसाळ्यात खाऱ्या हवेने तिची मोटर गंजली आणि तिने मान टाकली. दुरुस्तीचा माणूस आज येतो उद्या येतो करत राहिला. खिडकी नाही, चिमणी नाही, आणि रोज दोन वेळची फोडणी. काकूंना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धुरात राहू नका. काकांनी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. ते हॉलमध्ये लावलं, कारण स्वयंपाकघरात त्याची जाळी तेलकट होते.

त्या दिवशी माझ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा असेल, काकूंनी आवाज चढवला. चढवला म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्याइतका केला.

"मला यंत्र नको. मला माझी खिडकी हवी."

"खिडकीने काय होणार आहे?"

"मला दिसेल."

"काय दिसेल?"

काकू खोकत आत गेल्या. आठ दिवसांनी मेधा येऊन त्यांना चिपळूणला घेऊन गेली, खोकला बरा होईस्तोवर. खोकला पंधरवड्यात बरा झाला. काकू आल्या नाहीत. गणपती झाले, दिवाळी झाली. काका फोनवर त्यांना नव्या यंत्रांची नावं सांगत. विनाधुराची शेगडी आणली, बिनतेलाचं तळण आणलं, ये आता. काकूंचा प्रश्न एकच असे, "खिडकी उघडलीत?" मला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "हे काय काय आणतायत ते मला सांगू नको गो. खिडकी उघडली की तेवढं सांग. मी त्याच दिवशी येईन."

इकडे काकांचे हाल होते आणि मला त्यांची कीव आली नाही. सतरा यंत्रांचा धनी सकाळी माझ्या दारात पातेलं घेऊन उभा राही, "चहात साखर आधी की नंतर?" डबा बाहेरून येई. एकदा मी स्पष्टच विचारलं, "काका, एक फळी काढायची आहे. दहा मिनिटांचं काम. काढत का नाही?" तर म्हणाले, "त्या बाईला समजत नाही, तुम्ही तरी समजून घ्या. केलेली व्यवस्था मोडायची नसते." माझ्या मते त्यांना काकू हव्या होत्या. पण आपलं चुकलं हे न म्हणता हव्या होत्या.

एका सोमवारी सकाळी मी शाळेत निघाले तर गल्लीत शिडी लागलेली. शिडीवर एक माणूस त्या खिडकीपाशी ठोकाठोक करत होता. काका खाली उभे, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पंचा. मला बघून म्हणाले, "कळवा तुमच्या काकूंना. खिडकीचं काम काढलंय." मी वर बघितलं, हातोडी बघितली, आणि जास्त काही विचारलं नाही. शाळेला उशीर होत होता. चालता चालताच फोन लावला. पलीकडे काकूंनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "सुगंधाला सांग, परवा नऊला थांब म्हणावं." ही चूक माझी. मला ती विसरता येत नाही, आणि काकांचा राग जास्त येतो की स्वतःचा ते नक्की सांगता येत नाही.

बुधवारी मी पहिला तास सोडून घरी थांबले. नऊला दहा कमी असताना रिक्षा आली. काकू उतरल्या, नवं लुगडं, चेहरा भरलेला, खोकला नाही. काका दारात होते. काकूंनी चपला काढल्या आणि हातातल्या पिशवीसकट थेट आत गेल्या. मी मागोमाग.

प्लायवूड जिथल्या तिथे होतं. त्यावर पाइपाच्या शेजारी एक टीव्ही बसवला होता, पाटाएवढा. बाहेर भिंतीवर, जिथे शिडी लावली होती तिथे, कॅमेरा.

काकांनी रिमोट दाबला. गल्ली दिसायला लागली. फाटक दिसलं, पायऱ्या दिसल्या, समोरच्यांचा माड दिसला. "खिडकीतून तुला फक्त समोरचं दिसायचं," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खोका उघडतानाचा तोच आनंद होता. "आता दोन्ही बाजू दिसतात. वर पाऊस आत येत नाही, डास येत नाहीत."

तेवढ्यात पडद्यावर सुगंधा आली. ती बंद खिडकीसमोर थांबली, पाटी डोक्यावरच ठेवून वर बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"आवाज?" काकूंनी विचारलं.

"आवाजाचं वेगळं यंत्र येतं. मागवलंय."

काकू पडद्याजवळ गेल्या. सुगंधाचा चेहरा तळहाताएवढा होता. त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग माठातलं पेलाभर पाणी प्यायल्या, पेला विसळून पालथा घातला आणि न उघडलेली पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना माझ्या दंडाला हात लावला. "तुझी चूक नाही गो," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मला त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण मी तिथूनच पडद्यावर सगळं पाहिलं. काकू फाटकाबाहेर आल्या. सुगंधाने पाटी उतरवून खाली ठेवली. काकूंनी वाकून एका बांगड्याचा कल्ला उचलला, बघितला, मासा परत ठेवला. दोघी काहीतरी बोलल्या. सुगंधाने पदराने डोळे पुसले. आलेली रिक्षा गल्लीच्या टोकाला वळून परत येत होती, काकूंनी तिला हात केला.

"काका, जा ना," मी ओरडले. "थांबवा त्यांना!"

काका हलले नाहीत. रिमोट हातात घेऊन ते पडद्यासमोर उभे होते. रिक्षा निघाली तशी त्यांनी एक बटण दाबून चित्र मोठं केलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा, रिक्षाचा नंबरसुद्धा वाचता येतोय."